तुटली न्हाई

दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ, पिठाच्या गिरणीच्या वर
आमची खोली. गिरणी सुरू झाली की
पडद्यावरच्या नसा थरथरतात.

मी दिवसभर नसा गिरवते.
डोळ्याच्या पारपटलातल्या, केसाच्या विसाव्या हिश्शाइतक्या,
काळ्या चौकटीत राखाडी, वळत गेलेल्या,
कुणी ओल्या पाटीवर पेन्सिल टेकवून
भलतीकडेच बघत राहिल्यासारख्या.
मी गिरवते, त्यावरून कंप्युटर शिकतो.
प्रत्येक ठिपक्यावर तो एक इवलीशी पट्टी ठेवतो,
फिरवतो, विचारतो:
असं? जरा तिरकं? अजून?
उजेड पट्टीशी जुळला, की रेघ.

कष्टाळू आहे, नाही म्हणत नाही.
पण परवा एका फांदेदार पेशीला त्यानं नस ठरवलं
आणि एका सुरकुतीला दोन.
आणि वळणावर, जिथं नस फिकट होते,
तिथं तो हात सोडतो.

तिथून माझं काम. जोडायचं की सोडायचं?
सगळंच जोडलं तर उद्या हा
साखरेनं कुरतडलेल्या नसाही अखंड सांगेल.
सोडलं तर धडधाकट माणसाच्या हाती
रोगाचा कागद.
शिवलीला मॅडम म्हणतात, शंका असेल तर सोड.
शंका कधी नसते?

वडगावचे परशराम उपरी तपासणीला आले
ते एका पायात चप्पल घालून.
दुसरी कुठं राहिली, विचारलं.
त्यांनी खाली बघितलं
आणि मगच त्यांना कळलं.

फॉर्म कन्नडमध्ये, सही मराठीत.
डोळ्यात थेंब, हनुवटी टेकवलेली.
हलू नका हं.
"चाळीस वर्सं खड्ड्यात पाय सोडून बसलोय मागावर.
हलंन कशाला?"

रुग्णाला चित्र दाखवायची पद्धत नाही.
पण ते उठून सरळ पडद्याशीच आले
आणि कंप्युटरनं तीन ठिकाणी तोडलेल्या नसेवर
बोट ठेवलं. बोटावर भाजल्याचा डाग,
कधी भाजलं ते त्यांना ठाऊक नसणार.

"ही तुटली न्हाई की ओ बाई. खाली गेलीया.
तुटल्याला धागा टोकाला पिंजारतो.
हिचं टोक बघा, निमुळतं हाय. बुडी मारलीया तिनं."
बोट सरकलं. थांबलं.
"ही मातर तुटली. हिला सांधायला जाऊ नका."

मी खालच्या थराचं चित्र उघडलं.
पहिली होती तिथं,
आपल्याच नादात वळत चाललेली.
दुसरी नव्हती.
त्याच्या खालच्या थरातही नव्हती.

"कुणाचा म्हणायचा हा डोळा?"
तुमचाच, म्हटलं.

मग त्यांनी अंगठ्याच्या नखानं
चार-चारच्या हिशेबानं धागे मोजले,
पुन्हा एकदा मोजले.
"पन्हा कमी पडंल," एवढंच म्हणाले,
आणि पिशवीतून कुंद्याचा डबा काढून
माझ्या टेबलावर ठेवला.
"मला बंदी हाय. तुम्ही खावा."

रात्री मी जुनी चित्रं परत उघडली,
जोडलेली, सोडलेली,
आणि एकेका टोकाशी थांबले.
पिंजारलंय? निमुळतं आहे?
अहवालात लिहायला इंग्रजी शब्द सापडेना.
मॅडम फोनवर म्हणाल्या, मराठीतच लिही,
त्याला काय, आकड्यांशी मतलब.

कुलूप लावून उतरले, तर
शेवटच्या पायरीवर गेटवाल्यानं आणून ठेवलेली चप्पल,
रुळाच्या फटीत सापडलेली.
उचलली. सहज आत हात घातला.
टाचेच्या जागी
एक लोखंडी चूक वर आली होती,
चांगली पेराएवढी,
रोजच्या चालण्यानं घासून चकचकीत झालेली.